दहा कामगारांवर नऊ जॉबर



एखादं खातं तोट्यात चाललंय असं मालक म्हणाला, की युनियनचा माणूस सगळ्यात आधी काय मागतो? हजेरीपट मागतो. साच्यावर उभे किती, त्यांच्या डोक्यावर उभे किती, आणि कुणाच्या पाकिटात काय जातं, एवढं कागदावर आलं की अर्धी तक्रार तिथंच निकालात निघते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण हजेरीपट वाचता येतो, आणि आज सरकारच्या एका खात्याचा हजेरीपट आपण मिळून वाचणार आहोत. खातं आहे खेड्याच्या विकासाचं. कुणी त्याला समाजविकास म्हणतं, कुणी समुदाय विकास. तालुक्याच्या गावी पंचायत समितीची इमारत आणि तिच्यासमोर उभी जीपगाडी दिसते ना, तिचा जन्म ह्या खात्यातून झाला आहे.

आरंभ कसा झाला तो आधी ऐका. १९४८ साली उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात आल्बर्ट मेयर नावाच्या अमेरिकन शिल्पकाराने, म्हणजे इमारती-नगरं बांधणाऱ्या माणसाने, ६४ गावांत एक प्रयोग सुरू केला. गावात एक हरकामी माणूस नेमायचा. त्याने बी-बियाणंही बघायचं, जनावरांची लसही बघायची, विहीर-शाळाही बघायची. प्रयोग नावाजला गेला. मग ५ जानेवारी १९५२ रोजी दिल्लीने अमेरिकेशी तांत्रिक सहकार्याचा करार केला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, देशभर ५५ समाजविकास प्रकल्प सुरू झाले. एका प्रकल्पात सुमारे ३०० गावं आणि २ लाख माणसं. प्रकल्पाचे तीन गट, प्रत्येक गटात शंभरेक गावं. पुढच्या २ ऑक्टोबरला, १९५३ साली, राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली आणि गटांचं जाळं सगळ्या देशावर टाकायचं ठरलं. १९५६ साली तर दिल्लीत त्याचं वेगळं मंत्रालयच झालं, आणि सुरेंद्रकुमार डे त्याचे मंत्री झाले.

हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. खेड्यातला माणूस सरकारकडे भीतीने बघत आला. पाटील, तलाठी, फौजदार एवढंच सरकार त्याने पाहिलं. ते सरकार एकदा सायकलवरून दारात येऊन "यंदा ज्वारीला कोणतं बी वापरलंत?" असं विचारणार, ही गोष्ट लहान नव्हती. माझ्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत त्या सायकलवाल्या ग्रामसेवकाचं नाव होतं. शिव्या कधी ऐकल्या नाहीत.

पण आता हजेरीपट काढा.

एका गटात माणसं कोण कोण नेमली? खाली ग्रामसेवक दहा आणि ग्रामसेविका दोन. वर गटविकास अधिकारी एक. त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी आठ: शेतीचा एक, जनावरांचा एक, सहकाराचा एक, पंचायतीचा एक, ग्रामोद्योगाचा एक, बांधकामाचा ओव्हरसियर, आणि समाजशिक्षणाचे दोन, एक पुरुष, एक बाई. शिवाय कारकून, हिशेबनीस, ड्रायव्हर, शिपाई. गटाची वस्ती साठ-सत्तर हजार धरली, तर सहा-सात हजार माणसांमागे पायी किंवा सायकलवर फिरणारा एक ग्रामसेवक. आणि त्या दहा ग्रामसेवकांवर हुकूम सोडणारे, अहवाल मागणारे साहेब नऊ.

आपल्या गिरणीत दहा विणकरांवर नऊ जॉबर नेमले तर काय होईल? विणकराचा अर्धा दिवस जॉबरला जबाब देण्यात जाईल. इथं तेच झालं. शेतीचा साहेब म्हणाला, खताचे आकडे आण. सहकाराचा म्हणाला, सोसायटीचे सभासद किती वाढवलेस ते दाखव. समाजशिक्षणवाल्याने भजनी मंडळाचा अहवाल मागितला. आणि कुणी मोठा पाहुणा येणार म्हटलं की रस्त्याच्या कडेचे दगड चुन्याने रंगवायचं कामही ह्याच्याच गळ्यात. एका विणकराला दोनाचे तीन साचे दिले तेव्हा १९२८ साली मुंबईचा कामगार संपावर गेला. ग्रामसेवकाच्या अंगावर आठ खात्यांचे आठ साचे होते, आणि त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

आता पैशाची बाजू. आकडे थोडे आहेत, पण कंटाळू नका, ह्यातच सगळी मेख आहे.

सुरुवातीला एका प्रकल्पाचा अंदाज होता ६५ लाख रुपयांचा, तीन वर्षांसाठी. त्यातले सुमारे साडेसहा लाख डॉलरमध्ये खर्चायचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सामानासाठी. दोन लाख माणसांवर हे वाटा. माणशी वर्षाला अकरा रुपयांच्या आत येतं. मग गटाचा हिशेब झाला १५ लाखांचा, तीन वर्षांसाठी. माणशी वर्षाला साडेसात रुपये. पुढं एप्रिल १९५८ पासून नवी पद्धत आली. पहिल्या टप्प्यात पाच वर्षांत १२ लाख, दुसऱ्या टप्प्यात पुढच्या पाच वर्षांत ५ लाख. पहिल्या टप्प्यात माणशी वर्षाला साडेतीन रुपयांच्या वर थोडे, आणि दुसऱ्यात दीड रुपया. दीड रुपया म्हणजे महिन्याला दोन आणे! दोन आण्यात कुणाचा विकास होतो हे चहावाल्याला विचारा.

रक्कम खाली येत गेली त्याचं कारणही उघड आहे. ५५ प्रकल्पांवरून सगळा देश व्यापायचा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत ह्या खात्याला २०० कोटी ठेवले होते. ऐकायला आकडा मोठा, पण तो सगळ्या हिंदुस्थानावर पसरला की तूप भाकरीला दिसत नाही. प्रत्येक आमदाराला, प्रत्येक खासदाराला आपल्या तालुक्यात गट पाहिजे होता. गट उघडला म्हणजे कोनशिला आली, मंडप आला, हार आले.

आणि इथंच युनियनच्या माणसाचे कान टवकारतात. रक्कम अकराची दीड झाली, तशी खुर्च्यांची संख्या अकराची दीड झाली का? गटविकास अधिकारी एकच राहिला, विस्तार अधिकारी तेवढेच, जीप तीच, इमारत तीच. गट पहिल्या टप्प्यात असो की दुसऱ्या, ऑफिस रोज साडेदहाला उघडायचं आहे. पगार दर महिन्याला होणार, तो व्हायलाच पाहिजे. मग कमी काय होतं? विहीर कमी होते. मोरी कमी होते. शाळेच्या खोलीचं छप्पर पुढच्या वर्षावर जातं. शेवटी असे गट झाले की माणसं आहेत, टेबल आहेत, रजिस्टर आहेत, आणि कामाला पैसा नाही. नोकरदाराला बसून पगार मिळतो म्हणून गाव त्याला हसतं, आणि बिचारा नोकरदार म्हणतो मी करू तरी काय. भांडण दोघांत लागतं. ज्याने रकमेची कात्री चालवली तो दिल्लीत आरामात.

श्रमदानाची एक गंमत सांगतो. ह्या योजनेत लोकांनी अंगमेहनतीने वाटा उचलावा असं होतं. चांगलं आहे. त्या मेहनतीची किंमत रुपयांत लावून अहवालात लोकवर्गणी म्हणून दाखवायची, असंही होतं. ठीक आहे. पण माती कुणी वाहिली? ज्याच्याजवळ द्यायला हातांशिवाय काही नाही त्याने. आणि रस्ता झाल्यावर त्यावरून गाडी कुणाची गेली? ज्याच्या शेतात ऊस त्याची. रासायनिक खत, सुधारलेलं बी, तगाई, सोसायटीचं कर्ज, ह्या सगळ्याला आधी जमीन लागते. भूमिहीन मजुराच्या पदरात ह्यातलं काय पडणार? हे मी लाल बावट्याचा म्हणून बोलतो असं समजू नका. खुद्द नियोजन मंडळाची मूल्यमापन संस्था होती. ती ऑक्टोबर १९५२ मध्येच निघाली, आणि तिचे पहिले संचालक आपले प्रा. द. गो. कर्वे. त्या संस्थेच्या अहवालांतूनच वरचेवर आलं की फायदा बड्या खातेदाराच्या बाजूला झुकतो.

मग जानेवारी १९५७ मध्ये बलवंतराय मेहतांची समिती बसली. नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. समितीचं म्हणणं, आपल्या बोलीत सांगायचं तर, असं: तुम्ही अधिकारी नेमले, सल्लागार मंडळं नेमली, पण लोकांच्या हातात काही दिलं नाही, म्हणून लोक पुढे आले नाहीत. गटाचा कारभार निवडून आलेल्या पंचायत समितीच्या हाती द्या, पैसा आणि नोकरवर्ग तिच्या ताब्यात द्या. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौरला पंचायत राज्याची सुरुवात झाली. महाराष्ट्र १ मे १९६० ला जन्माला आला, आणि आपण लगेच वसंतराव नाईकांची समिती बसवली. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून अमलात आला. गटाचा साहेब आता लोकांनी निवडलेल्या सभापतीशेजारी बसू लागला.

माणसांनी छातीवर गोळ्या झेलून हे राज्य मिळवलं ते कशासाठी? नकाशावर रंग बदलावा म्हणून नव्हे. तालुक्याच्या कचेरीत आपल्या भाषेत विचारता यावं आणि आपल्या भाषेत उत्तर मिळावं म्हणून. राजभाषा कायदा १९६४ चा आहे. तरीही सांगतो, गावाकडच्या एका नाल्याच्या कामाचा अंदाज बघायला मी एका कचेरीत गेलो होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही. तीन हेलपाटे झाल्यावर कागद समोर आला, तो सगळा इंग्रजीत. क्युबिक मीटर, लीड, लिफ्ट, कंटिन्जन्सी. मी म्हटलं, "साहेब, मराठीत नाही का?" साहेब म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? काम झाल्याशी मतलब." काम झालं नव्हतं, म्हणून तर मी गेलो होतो.

आता ह्याच महाराष्ट्राने दुसरं एक काम केलं, त्याकडे बघा. तिथं हजेरीपट उलटा आहे.

१९७२ चा दुष्काळ पडला, आणि रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि तिचा पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. म्हणजे तुमच्या-माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला जी छोटीशी कपात दिसते तिच्यातून. गिरणीत, कारखान्यात, बँकेत, कचेरीत काम करणाऱ्याने खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरली. १९८२ चा संप मोडला आणि मुंबईतला कामगार गठुडं घेऊन घाटावर, कोकणात परतला, तेव्हा ज्या गावी तो गेला तिथं ह्याच करातून कामं निघत होती.

त्या योजनेत एक नियम होता. खर्चातला निदान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर गेला पाहिजे. बाकी ४० टक्क्यांत सामान, कुशल कामगार आणि बाकीचं सगळं. पुढं २००५ साली केंद्राने कायदा केला तेव्हा हीच साठ-चाळीसची वाटणी त्यात घेतली. ही योजना धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. खोटी हजेरी झाली, मेलेली माणसं मस्टरवर उभी राहिली, ठेकेदार मागच्या दाराने आले. पण चोरी पकडायला माप लागतं, आणि इथं माप होतं. साठाच्या जागी चाळीसच मजुरीला गेले, तर गावातली अडाणी बाईसुद्धा बोट दाखवून विचारू शकत होती, वीस कुठं गेले? समाजविकासाच्या गटात असं माप कुणी घातलंच नाही. शंभरातले किती टेबलावर आणि किती विहिरीवर, हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून चुकलं असंही कुणाला म्हणता येईना.

कुणी म्हणेल, हा कामगार नोकरदारांच्या पगारावर उठला. तसं नाही बाबांनो. पगार कापा म्हणणारा मी नव्हे, मी कसला युनियनवाला मग? मी एवढंच म्हणतो की पगारापगारात भेद करा. नर्सबाईचा पगार हीच गावाची सेवा आहे, तो कमी केला तर बाळंतीण मरते. शिक्षकाचं तसंच. गुरांच्या डॉक्टरचं तसंच. ह्यांच्यावरचा खर्च म्हणजे विकासावरचाच खर्च. पण अहवाल मागणाऱ्याचा पगार, अहवाल तपासणाऱ्याचा पगार, तपासणाऱ्याच्या दौऱ्याचं डिझेल, हा दुसरा ढीग. दोन ढीग वेगळे लिहा, एवढंच मागणं. आज ते "आस्थापना" नावाच्या एकाच ओळीत असतात, आणि काटकसरीचा हुकूम निघाला की वरच्या खुर्चीला कधी धक्का लागत नाही, खालची जागा रिकामी ठेवतात.

ग्रामसेवकाचंच बघा ना. पहिली तीन वर्षं ठरीव मानधनावर कंत्राटी ग्रामसेवक म्हणून राबवून मग कायम करण्याची रीत महाराष्ट्रानेच पाडली. आपल्या भाषेत हा बदली कामगार. फाटकावर उभा, तिकीट हातात नाही, पण काम मात्र कायम माणसाचं. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून त्याला "ग्रामपंचायत अधिकारी" असं भारदस्त नाव दिलं. नावाबद्दल तक्रार नाही. पण एकाच माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं असली तर नाव कितीही लांबवा, तो सोमवारी इथं आणि गुरुवारी तिथं. गावात दाखला पाहिजे असलेली म्हातारी मंगळवारी येते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या चार-पाच वर्षांतली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, सांगून ठेवलं आहे की पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा आणि गट-गणांच्या रचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, हे खरं. पण वाद कोर्टात आणि कारभार प्रशासकाच्या हातात, असं करत तीन वर्षं उलटून गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तेवढ्या काळात तालुक्यात सभापती नाही, सदस्य नाही. खर्च करणारा तोच, मंजूर करणारा तोच, हिशेब तपासून बरोबर म्हणणाराही तोच. १९५७ साली बलवंतराय मेहतांनी ज्या रोगावर औषध लिहून दिलं, तोच रोग आपण पासष्ट वर्षांनी विकत घेतला! आणि निवडून आलेली मंडळी नसली की वित्त आयोगाच्या अनुदानाला अडथळा येतो, तो तोटा वेगळाच. कार्यकर्त्यांनी मोर्चे कशावर काढले नाहीत त्या काळात? पण ह्यावर? फार थोडे. सभापतीच्या खुर्चीची आस असलेले पुढारीसुद्धा गप्प बसले, कारण वरून सांगितलं होतं गप्प बसा.

माझं मागणं साधं आहे, आणि ते मुंबईच्या मंत्रालयात जाऊन करायची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवायची प्रथा आहे. जे कामगार सुटीला गावी जातात त्यांनी त्या सभेत बसावं, नुसतं जत्रेला जाऊन परत येऊ नये. आणि उभं राहून तीन आकडे मागावेत. पंचायत समितीत मंजूर जागा किती आणि त्यांतल्या रिकाम्या किती, त्याही वरच्या वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या. गेल्या वर्षी आपल्या गावावर खर्च झालेल्या रकमेत मजुरी आणि सामान किती, आणि कचेरी, वाहन, दौरे किती. आणि कामाचा अंदाज मराठीत, मोठ्या अक्षरात, पंचायतीच्या भिंतीवर. नाही म्हणाले तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मराठीत लिहा आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ग्रामसेवकावर मात्र ओरडू नका. त्याला शेजारी बसवून घ्या. त्याच्याकडे किती गावं आहेत, महिन्याला किती अहवाल भरावे लागतात, ते त्यालाच सभेत सांगू द्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या गावच्या सभेत हे केलं तेव्हा तो बिचारा आधी घाबरला. मग खिशातून एक चुरगळलेला कागद काढून त्याने अहवालांची यादी वाचली. ती संपेपर्यंत चहा गार झाला होता. ठराव झाला की ही यादी गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि ह्यातला कोणता अहवाल नेमका कोण वाचतो ते कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सभेत तोच ठराव पुन्हा मांडायचा आहे, आणि शेजारच्या चार गावांनीही तो मांडावा म्हणून हे लिहिलं.